‘माझ्या हाताला यश नाही’ या वाक्याचा पंचनामा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘वय ३९, राहणार तालुक्याच्या गावी. २०१६ मध्ये घरगुती डबे सुरू केले, सात महिन्यांत बंद करावे लागले. चाळीस हजारांचा फटका बसला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या हाताला यशच नाही.” ते मनात घर करून बसलंय. गेली सहा वर्षं दिवाळीला ओळखीच्यांना फराळ करून देते, पंधरा-वीस किलो होतो. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका सोसायटीने ८० किलोची विचारणा केली. मी दुसऱ्या मिनिटाला नाही म्हणाले आणि मग रात्रभर तळमळले. एक व्हिडिओ पाहून २१ दिवस आरशासमोर “मी यशस्वी उद्योजिका आहे” म्हटलं. बरं वाटायचं सोडून आणखी खट्टू झाले. माझ्यातच काही खोट आहे का? सकारात्मक विचारांची सवय लागते तरी कशी?’ सोबत त्यांनी डब्यांच्या जुन्या हिशेबाची दोन पानं पाठवली आहेत. उत्तरात मला सगळ्यात जास्त उपयोग त्या पानांचाच झाला.

ताई, आधी आरशाचं बघू. तुमच्यात काही खोट नाही. आरशाने तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना असाच दगा दिलाय. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना मनात घोळवायला सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात पडकं होतं, त्यांना मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे औषधाची गरज ज्याला, त्यालाच ते बाधलं. कारण उघड आहे. तुम्ही आरशासमोर ‘मी यशस्वी उद्योजिका’ म्हणता, तेव्हा आतून लगेच कुणीतरी विचारतं, ‘हो का? मग ते चाळीस हजार?’ २१ दिवस तुम्ही रोज सकाळी या भांडणाला स्वतःहून आमंत्रण दिलंत आणि रोज हरलात.

या ‘२१ दिवसां’चीही एक गंमत आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० मध्ये लिहून ठेवलं. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून पडलं, चेहराही गळाला आणि ‘कुठलीही सवय २१ दिवसांत’ एवढंच उरलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर रोजच्या साध्या सवयींचा अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. अधूनमधून एखादा दिवस चुकला तर काही बिघडलं नाही, असंही त्यात दिसलं. तेव्हा २१व्या दिवशी काही झालं नाही म्हणून आपण नापास, हे आधी डोक्यातून काढून टाका.

मी मानसोपचाराचं काम करते त्या माझ्या खोलीतही पूर्वी एक पोस्टर होतं, सूर्योदयाचं, ‘सकारात्मक राहा’ लिहिलेलं. मुलाच्या आजारपणाने पार खचलेल्या एका बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, हे तुमच्यासाठी लावलंय की आमच्यासाठी?” त्याच संध्याकाळी ते उतरवलं. आता तिथे कॅलेंडर आहे.

आता मूळ वाक्याकडे येऊ. ‘हाताला यश नाही.’ आपल्याकडे अशी वाक्यं तयार मिळतात, जणू वाण्याच्या दुकानात पुड्या बांधून ठेवल्यात. ‘आमच्या रक्तातच नाही धंदा.’ ‘गणितात डोकंच चालत नाही आमच्याकडे कुणाचं.’ ‘आपलं नशीबच खोटं.’ आणि सगळ्यांचा बाप: ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही.’ (हे वाक्य किर्लोस्करवाडीचं नाव माहीत असलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत बोलतात. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ती वसवली.) या वाक्यांची खुबी अशी की त्यांत घटना नसते, तारीख नसते, आकडा नसतो. म्हणून ती खोटी ठरवायला पकडायचं कुठे तेच कळत नाही. ‘तू डब्याचा दर चुकीचा लावलास’ याची शहानिशा करता येते. ‘तुझ्या हाताला यश नाही’ याची कशी करणार?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिल्या भेटीत सकारात्मक वगैरे काही बोलायला सांगत नाही. पंचनामा लिहायला सांगते. अपघाताच्या जागी पोलीस लिहितात तसा. कुठे, कधी, काय, किती. विशेषण एकही नको. ‘लाज गेली’, ‘सगळं संपलं’, ‘तोंड दाखवायची सोय राहिली नाही’ हे पंचनाम्यात येत नाही. त्यात ‘डाव्या बाजूचा आरसा फुटलेला’ एवढंच येतं.

तुमचा पंचनामा मीच करून बघितला, तुमच्याच पानांवरून. २२ डबे, डब्याला ४० रुपये, महिन्याचे २६ दिवस. महिन्याची जमा २२,८८०. किराणा, भाजी आणि गॅस मिळून २१,०००. डबे पोचवणाऱ्या मुलाला ५,०००. म्हणजे खर्च २६,०००. दर महिन्याला ३,१२० रुपयांची खोट, सात महिन्यांत २१,८४०. दोन गिऱ्हाइकांनी बुडवले ९,०००. डबे, पातेली, शेगडी यांचे ९,०००, आणि ती भांडी अजून घरात आहेत, त्यांतलंच मोठं पातेलं तुम्ही फराळाला वापरता. एकूण बेरीज ३९,८४०.

चाळीस हजारांचा फटका म्हणता ना? १६० रुपये सोडले तर बाकी प्रत्येक रुपयाला नाव-गाव आहे. तुमच्या हाताचं अपयश यात बसवायचं कुठे? त्या १६० रुपयांत?

आणखी खोलात जाऊ. महिन्याला ५७२ डबे आणि ३,१२० ची खोट, म्हणजे डब्यामागे साधारण साडेपाच रुपये. दर ४० ऐवजी ४६ असता तर तोंडमिळवणी झाली असती. तुमची मजुरी त्यातही शून्यच धरलेली, ते वेगळं. चवीची तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केली नाही आणि बंद केल्यावर तिघांनी ‘परत कधी?’ म्हणून विचारलं, हेही तुम्हीच लिहिलंय. आता सांगा, धंदा कशाने बसला? हाताने की सहा रुपयांनी?

यावर तुम्ही म्हणाल, पण दर चुकला तो माझाच ना? हो, तुमचाच. ते मी पुसत नाही. पोचवणाऱ्या मुलाचा पगार दरात धरला नव्हता आणि उधारी वाढू दिली. या दोन चुका आहेत आणि दोन्ही एका दुपारी शिकून घेता येतील अशा. ‘हाताला यश नाही’ हे कुठल्या दुपारी शिकायचं? फरक इथे आहे. दोष मान्य करायला घाबरू नका, फक्त तो दुरुस्त करता येईल इतका लहान आणि नेमका करून मांडा.

मी ज्या पद्धतीने काम करते तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली आणि कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. घटना आणि त्रास यांच्या मधे एक समजूत बसलेली असते आणि त्रासाचा मोठा वाटा ती समजूत देते, असा तिचा गाभा. एलिस यांनी तो एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञाकडून घेतल्याचं स्वतःच सांगितलंय. माणसाला सर्वांत जास्त छळतो तो ‘असंच व्हायला पाहिजे’ हा हट्ट, असं एलिस म्हणत. इंग्रजीत त्यासाठी त्यांना बरंच लिहावं लागलं. मराठीत तो अख्खा हट्ट एका अक्षरात मावतो: ‘च’. ‘जमलंच पाहिजे.’ ‘पहिल्याच खेपेला.’ ‘सगळ्यांनाच आवडायला हवं.’ ‘माझ्याच बाबतीत असं होतं.’ तुमच्या अर्ध्या पानाच्या पत्रात मी अकरा ‘च’ मोजले. आठवडाभर एवढंच करा. मनात त्रासदायक वाक्य आलं की त्यातला ‘च’ काढून ते परत म्हणा. ‘ऑर्डर नीट झालीच पाहिजे’ आणि ‘ऑर्डर नीट झाली पाहिजे’ यांत पोटातला गोळा किती हलका होतो ते बघा. हसू येईल इतकं साधं आहे हे, पण मी अजून स्वतःवर वापरते.

मात्र नुसतं वाक्य सुधारून समजूत जात नाही. तिला पुरावा लागतो, आणि पुरावा करण्यातून येतो. एलिस यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटायची. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बागेत बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की शेजारी जाऊन बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशेबाने शंभर टक्के नापास. पण कुणी चप्पल काढली नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. त्या महिन्यात त्यांची भीती गेली.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदल करून. कारखान्यात लेथवर वीस वर्षं काढली, मग सुपरवायझर झाले. सकाळच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं बोलायचं, तेवढ्यासाठी रजा टाकायला लागले. समजूत अशी: ‘मला चारचौघांत बोलता येत नाही.’ त्यांना एक छोटी वही दिली. मीटिंगच्या आधी भाकीत लिहायचं आणि त्यापुढे किती टक्के खात्री आहे ते. मीटिंग झाली की काय घडलं ते लिहायचं. पहिल्या दिवसाचं पान असं होतं: ‘आवाज थरथरेल, १०० टक्के. पोरं हसतील, ९०. साहेब मधेच थांबवतील, ७०.’ खाली, संध्याकाळच्या अक्षरात: ‘आवाज थरथरला. हसलं कोणी नाही. साहेब फोनवर होते. एकाने शिफ्टची वेळ परत विचारली.’ तीन भाकितांतलं एक खरं निघालं आणि ते खरं निघूनही काही बिघडलं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी वही दाखवत विचारलं, “मॅडम, माझा अंदाज इतका वाईट आहे तर मी त्याचं ऐकतो कशाला?” हे मी सांगून त्यांना पटलं नसतं.

तुमच्यासाठी ८० किलो हा प्रयोग नाही, जुगार आहे. वीसवरून एकदम ऐंशी. तिथे नाही म्हणालात ते वाईट केलं असं मला वाटतच नाही. फक्त नाही म्हणण्याचं कारण चुकीचं दिलंत. ‘माझ्या हाताला यश नाही’ हे कारण नव्हे. ‘माझ्याकडे एक कढई, दोन हात आणि दहा दिवस आहेत’ हे कारण. सकारात्मक विचारांच्या बाजारात माझं जे भांडण आहे ते इथेच. तिथे सगळ्या मर्यादा मनातल्या असतात. खऱ्या आयुष्यात काही मर्यादा स्वयंपाकघरातल्या असतात, काही बँकेतल्या, काही घरातल्या माणसांच्या वेळापत्रकातल्या. त्या नाकारणारा विचार सकारात्मक नसतो, आंधळा असतो. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. नुसती गोड स्वप्नं रंगवली की मनाला काम झाल्यासारखंच वाटतं आणि प्रत्यक्ष प्रयत्न ढिला पडतो, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. त्यांचा उपाय असा की हवं ते डोळ्यांपुढे आणा, लगेच त्याच्या वाटेतली धोंड डोळ्यांपुढे आणा आणि ‘ती आडवी आली तर मी अमुक करीन’ हे आधीच ठरवून ठेवा.

म्हणून एक रविवार धरा. घड्याळ लावून दोन किलो चकली करा. तुमच्या कढईत तासाला किती निघते, हात कधी दुखायला लागतो, भाजणीला किलोमागे खर्च किती, हे लिहा. मग वीसच्या पुढची पायरी ठरवा, तीस म्हणा. ऑर्डर घेण्याआधी भाकीत लिहा: ‘मऊ पडेल, परत येईल, लोक नावं ठेवतील’, ज्याची जितकी खात्री वाटते तितके टक्के घाला. आणि धोंडीसाठी जर-तर: ‘जर पहिला घाणा तेलात विरघळला, तर मोहन जास्त झालं असं समजून थोडी कोरी भाजणी मळून घेईन.’ हे तुम्हाला मी काय शिकवणार! पण बघा, चकली विरघळली की तुम्ही ‘माझ्या हाताला यश नाही’ म्हणत नाही, ‘मोहन जास्त झालं’ म्हणता. हीच अक्कल बाकी आयुष्याला लावायची आहे.

दुसऱ्या एका गोष्टीची आधीच कल्पना देते. तीस किलो नीट गेले तरी मन ते जमेला धरणार नाही. ‘गिऱ्हाईक ओळखीचं होतं’, ‘या वर्षी पाऊस लवकर उघडला’, ‘नशीब’. तुमच्या पत्रातच याचा नमुना आहे. सहा दिवाळ्यांत मिळून शंभरेक किलो फराळ गेला, त्याला अर्धी ओळ. एका वर्षी दोन किलो चकली टाकून द्यावी लागली, त्याला सात ओळी. अशी कीर्द कुठला मुनीम लिहील? खर्चाची बाजू भरगच्च आणि जमेचं पान कोरं.

यावर रोजची सवय एकच सांगते, कारण तीन सांगितल्या तर एकही होत नाही. रात्री ओटा पुसून झाला की वहीत दिवसभरातली नीट झालेली एक गोष्ट लिहायची. कितीही किरकोळ चालेल. त्यापुढे दुसरा रकाना: ‘यात माझा हात काय होता?’ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असाच, रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहिण्याचा प्रयोग केला होता. आठवडाभर लिहिणाऱ्यांवर त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकलेला आढळला. त्यांच्या तीनची मी एक केली, कारण आपल्याकडे बाईला रात्री अकरा वाजता तीन गोष्टी लिहायला सांगणं हा जुलूम आहे. पण दुसरा रकाना सोडू नका. ‘मुलीचा डबा रिकामा आला’ एवढं लिहून थांबलात तर ते श्रेय वांग्याच्या वाट्याला जातं. ‘वांग्याची भाजी तिला आवडत नाही म्हणून भरीत केलं’ हे लिहिलंत की ते हाताच्या खात्यावर जमा होतं. ओटा पुसण्याला जोडायचं कारण म्हणजे ते तुम्ही रोज करताच. नवी सवय जुनीच्या पदराला बांधली की टिकते.

सासूबाईंचं काय? ते वाक्य त्या परत म्हणतील, कदाचित तीस किलोच्या दिवशीच, कढईशेजारी उभ्या राहून. त्यांना बदलायच्या भानगडीत पडू नका. त्यांनाही कुणीतरी कधीतरी असंच काही ऐकवलं असणार. तोंडाने काही बोलायची गरज नाही. मनात फक्त म्हणा, ‘सहा रुपये, आई. सहा रुपये चुकले होते.’

एक सावधगिरी. पत्रात तुम्ही रात्रीची झोप गेल्याचं म्हणता. ते एका रात्रीपुरतं होतं की आता रोजचंच झालंय? झोप, भूक, कशातच मन न लागणं, रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त रोज होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. मग तो समजुतीचा प्रश्न राहत नाही, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तसं काही नसेल तर या आठवड्यात त्या सोसायटीला फोन करा. ‘गेल्या वर्षी ८० म्हणाला होतात, मी या वर्षी ३० घेऊ शकते, निम्मी रक्कम आगाऊ लागेल’ एवढं बोला. आवाज थरथरेल. तेही आधी वहीत लिहून ठेवा, टक्क्यांसकट. आणि किलोचा दर काढताना पोचवण्याचा खर्च धरा, गॅस धरा, तुमच्या दोन हातांची मजुरी धरा. किती धरलीत ते मला कळवा. कमी धरली असेल तर मी परत लिहीन.